उलटी जोडलेली बॅटरी आणि आउटबोर्डचे दुखणे

होडीच्या मागच्या फळीवर बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनाला बॅटरी उलटी जोडली गेली, तर त्यातले नेमके काय जळते आणि जळलेले शोधून कसे काढावे, हा आमचा विषय आहे. साहित्य, इतिहास आणि अध्यात्म यांच्या पंगतीत हे पान कोणी वाढले, असे काही श्रोत्यांना वाटले असेल. परंतु आपल्या दारातली मोटारसायकल, शेतावरचा ट्रॅक्टर, वाडीतला जनरेटर या सर्वांत बॅटरी तीच, डायोड तोच, आणि घाईगर्दीत होणारी चूकही तीच. होडीवर ती जास्त महाग पडते एवढेच.

दुसरे कारण आमच्या कामातले आहे. मालवण, देवबाग, तारकर्ली या बाजूला पर्यटकांना समुद्रात नेणाऱ्या फायबरच्या होड्यांवर आता बटण दाबून सुरू होणारी मोठी आउटबोर्ड आली आहेत. अशा इंजिनाला कोणी बॅटरी उलटी लावली, ठिणगी उडाली, धूर निघाला, की मालक म्हणतो, "सगळे मशीन गेले." मिस्त्री मान डोलावतो. आणि मग त्या सगळ्या मशीनची किंमत खलाशाच्या पगारातून महिन्यामहिन्याला कापली जाऊ लागते. अशी भांडणे आमच्यापुढे आली, तेव्हा आम्हांस एक गोष्ट पक्की कळली. कोणी जाळले, हा प्रश्न सगळेच विचारतात. काय जळले, हा त्याआधीचा प्रश्न कोणीच विचारीत नाही. आणि त्याचे उत्तर तर शंभर-दोनशे ग्रॅमच्या एका मीटरमध्ये असते.

प्रथम ही चूक होते कशी ते पाहू. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात. बॅटऱ्या काढून घरी किंवा चार्जिंगच्या दुकानात ठेवतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा बसवायच्या, आणि त्याही एकदम, घाईने, हलत्या होडीत, पहाटेच्या अंधारात. मोटारीच्या नेहमीच्या बॅटरीचे धन टोक ऋण टोकापेक्षा थोडे जाड केलेले असते. ऋणाची पकड धनावर सहजी बसत नाही, हा त्यातला शहाणपणा. पण होडीवरच्या पुष्कळ बॅटऱ्यांना तसली टोके नसून आट्यांचे खिळे असतात आणि वरून पंखाचे नट आवळायचे असतात. दोन्ही खिळे सारखे. तेथे तो शहाणपणा संपला. शिवाय बाजारात एकाच मापाची बॅटरी डाव्या आणि उजव्या अशा दोन बांधणींची मिळते. जुनीचे धन टोक डावीकडे होते, नवीचे उजवीकडे आले, आणि तारा तर जुन्याच लांबीच्या. तारेचा लाल रंग तेलाने, मिठाने काळा पडलेला. मग जी तार जेथे पोहोचते तेथे ती लागते. ह्याला निष्काळजीपणा म्हणायचे की नाही, ते ज्याने बॅटरी विकत आणली त्यालाही विचारावयास हवे.

आता आत काय घडते ते समजून घेऊ. बॅटरी म्हणजे साधारण दोन व्होल्टांची सहा घरे एकापुढे एक. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिसे आणि गंधकाम्ल यांची जी बॅटरी केली, तिचीच ही नात. पूर्ण भरलेली, विश्रांती घेतलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टांच्या आसपास दाखवते. एवढा दाब माणसाला झटका देत नाही, म्हणून लोक तिला गरीब समजतात. परंतु तिचा अंतर्गत रोध इतका अल्प असतो, की दोन टोके जाड तारेने जोडली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि तार लाल होते.

बॅटरीचा प्रवाह एका दिशेने वाहतो. दिव्याला ही दिशा कळत नाही. तो उलटाही तसाच जळतो. तारेच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या रिलेलाही सहसा कळत नाही. स्टार्टरच्या मोटरला कळते खरे, पण ती दुखावत नाही. ज्या स्टार्टरमध्ये कायमचे लोहचुंबक असतात तो उलटा फिरतो, आणि ज्यांचा पिनियन आट्यांवर सरकून फ्लायव्हीलच्या दातांत शिरतो, त्यांच्यात तो उलट्या फिरण्यात वर चढतच नाही. नुसती घरघर ऐकू येते. ही घरघर ऐकली असे खलाशी सांगत असेल, तर तो खरे सांगत आहे असे समजावे. ती पुराव्याची गोष्ट आहे.

दिशेचा खरा मान राखतो तो डायोड. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंग यांनी दोन टोकांची जी निर्वात नळी केली, तिला त्यांनी झडप असेच नाव दिले होते. आजचा डायोड सिलिकॉनचा, वाटाण्याएवढा. पण काम झडपेचेच. विहिरीच्या पंपाला तळाशी जो फूटव्हॉल्व्ह असतो तो पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही, तसाच हा.

आउटबोर्डच्या फ्लायव्हीलखाली तांब्याच्या वेटोळ्यांचे कडे असते, त्याला स्टेटर म्हणतात. फ्लायव्हीलमधले लोहचुंबक त्याच्याभोवती फिरले की वीज निर्माण होते. परंतु ती पुढेमागे दिशा बदलणारी, म्हणजे प्रत्यावर्ती वीज असते. बॅटरीत भरायची तर तिला एक दिशा लावावी लागते. ते काम चार किंवा सहा डायोडांचा एक पूल करतो. तो रेक्टिफायर. त्याच्याच डबीत बहुधा दाब आवरणारा रेग्युलेटरही असतो. या पुलाच्या प्रत्येक खांबात दोन डायोड एकावर एक असतात, आणि दोघांच्या मधोमध स्टेटरची एक तार येऊन मिळते. बॅटरी सुलटी असते तेव्हा दोन्ही झडपा तिच्या तोंडावर बंद असतात. बॅटरी उलटी लावली, की दोन्ही एकदम सताड उघडतात. बॅटरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये कोणतेही काम नाही, असा थेट रस्ता तयार होतो. ठिणगी उडते ती येथली.

आता येथे श्रोत्यांनी किंचित थांबून तो रस्ता मनाशी रेखून पाहावा. खालच्या डायोडातून वरच्या डायोडात आणि बाहेर. स्टेटरची वेटोळी त्या रस्त्यावर नाहीत. ती मधल्या सांध्यावर बाजूला लोंबत राहतात. म्हणजे बॅटरी उलटी लावण्याच्या त्या क्षणी स्टेटर जळण्याचे फारसे कारण नाही. मग पुष्कळदा स्टेटर काळा पडलेला का सापडतो? त्याचे उत्तर पुढच्या दिवसांत आहे. डायोड जळतो तो दोन तऱ्हांनी. एक तर तो तुटतो, म्हणजे झडप कायमची बंद. किंवा तो फुटून आरपार होतो, म्हणजे झडप कायमची उघडी. एखादा डायोड असा उघडा राहिला आणि बॅटरी सुलटी करून इंजिन तसेच चालवले, तर स्टेटरची वीज बॅटरीकडे जाण्याऐवजी त्या उघड्या झडपेतून फिरून स्टेटरमध्येच परत येते. वेटोळी तापतात, त्यांचे लाखेसारखे आवरण करपते. हे एका क्षणात होत नाही, चालवण्याने होते. म्हणून उलट्या बॅटरीनंतर स्टेटर जळालेला मिळाला, तर विचारावे की बॅटरी सुलटी केल्यावर तपासणी न करता हे इंजिन कोणाच्या हुकमाने किती फेऱ्या चालले. आमच्या अनुभवात या प्रश्नानंतर भांडणाचा सूर पुष्कळ उतरतो.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम बॅटरी काढून बाजूला ठेवावी, ऋण तार आधी, मग धन. चूक ध्यानात आल्याबरोबर तारा उलटून "बघू तर चालते का" म्हणून चावी फिरवणे, हा मोह सर्वांत घातक. बॅटरी नुकतीच चार्ज झालेली असेल तर तिच्यातून हायड्रोजन वायू निघत असतो आणि एका ठिणगीने टोपण उडून अम्ल डोळ्यांत जाऊ शकते. तेव्हा हे काम तोंड लांब ठेवून, हवा खेळती ठेवून करावे.

मग कागद घ्यावा आणि विचारून लिहावे. चावी चालू होती की बंद? तारा किती वेळ लागून राहिल्या, एक टिचकी की मिनिटभर? स्टार्टरचे बटण दाबले का? धूर कोठून निघाला? कोणती तार तापली? चावी बंद असताना नुसता स्पर्श होऊन ठिणगी उडाली असेल, तर रेक्टिफायरपलीकडे नुकसान गेले नसण्याचाच संभव अधिक. कारण चावीमागचे बहुतेक भाग त्या वेळी बॅटरीशी जोडलेलेच नसतात. ही माहिती त्याच दिवशी मिळते. आठ दिवसांनी प्रत्येकाची आठवण आपापल्या सोयीची होते.

नंतर बॅटरी मीटरवर पाहावी, आणि तीही खुणेवर विश्वास न ठेवता. पार उतरून गेलेली बॅटरी चार्जरला उलटी जोडली, तर ती उलटीच भरली जाऊ शकते. मग धनाच्या खुणेशी ऋण आणि ऋणाशी धन. असे क्वचित घडते, पण घडले तर सुलटे जोडणाऱ्यावर विनाकारण आळ येतो. मीटरची लाल तार धन खुणेवर ठेवून आकड्याआधी वजाचे चिन्ह आले, तर दोष चार्जिंग करणाऱ्याचा. एवढे पाहायला पाच सेकंद लागतात.

तिसरा फ्यूज. मध्यम आउटबोर्डांत तो बहुधा २० किंवा ३० अँपिअरचा असतो, स्टार्टरच्या सोलेनॉइडजवळ, रबरी टोपणाखाली. तो वितळला असेल तर निम्मे समाधान मानावे. परंतु निम्मेच. फ्यूजची तार वितळायला जो क्षणाचा अंश लागतो, तेवढ्यात डायोड मरू शकतो. आणि जुन्या काही इंजिनांत रेक्टिफायरची तार फ्यूजला वळसा घालून सरळ सोलेनॉइडवर गेलेली असते. फ्यूज उडाला म्हणून बाकीचे वाचले, असे समजता येत नाही. आणि तेथे सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करून दुसरा मिस्त्री पाहावा.

आता आमची आवडती युक्ती. मोटारीच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्यावा, त्याला दोन तारा जोडाव्यात. नवा फ्यूज घालावा, चावी बंद ठेवावी, बॅटरीची ऋण तार नीट जोडावी. पण धन तार आणि बॅटरीचे धन टोक यांच्या मध्ये हा बल्ब धरावा. सगळे ठीक असेल तर बल्ब पेटत नाही. कोठे आरपार रस्ता असेल तर तो लख्ख पेटतो, आणि तरीही पुढे दोन अँपिअरपेक्षा कमीच वीज जाते, म्हणून आणखी काही जळत नाही. बल्ब पेटला तर रेक्टिफायरच्या तारांची जोडणी सोडवावी. विझला? चोर सापडला. नाही विझला, तर एकेक जोडणी सोडवीत पुढे जावे. पाच-पन्नास रुपयांच्या बल्बने हजारोंचे सामान वाचते, आणि शेजारी उभ्या असलेल्या मालकालाही डोळ्यांनी दिसते. मीटरच्या आकड्यावर वाद घालता येतो, पेटलेल्या दिव्यावर नाही.

बल्ब न पेटणे हा मात्र पूर्ण निर्दोषतेचा दाखला नव्हे. खांबातल्या दोहोंपैकी एकच डायोड उघडा झाला असेल, किंवा एखादा तुटला असेल, तर बल्ब गप्प राहील. म्हणून रेक्टिफायर सोडवून मीटरच्या डायोडच्या खुणेवर तपासावा. निरोगी डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ व्होल्टांच्या दरम्यान आकडा देतो, तारा उलट धरल्या तर काहीच देत नाही. दोन्ही बाजूंनी जवळजवळ शून्य आले तर तो आरपार. दोन्ही बाजूंनी काहीच आले नाही तर तुटलेला. नव्या रेग्युलेटरांत डायोडांच्या जोडीला आणखी घटक असतात, त्यामुळे आकडे वेगळे येऊ शकतात. त्यासाठी त्या इंजिनाच्या दुरुस्तीपुस्तकातला तक्ता पाहावा. तो हाती नसला तरी एक साधा नियम लागू पडतो: स्टेटरच्या तिन्ही तारांसाठी वाचन सारखे यावे. दोन एकसारख्या आणि तिसरी निराळी, तर दुखणे तिसरीत.

स्टेटरही अशाच तऱ्हेने. दोन-दोन तारांमध्ये रोध अल्प आणि सर्व जोड्यांत सारखा यावा. कोणतीही तार आणि इंजिनाचे अंग यांच्यामध्ये मात्र मुळीच जोड दिसू नये. दिसला तर आवरण करपले.

मग उरतो तो मोठा प्रश्न, इंजिनाच्या मेंदूचा. जुन्या, दोरी ओढून चालू होणाऱ्या इंजिनांत हा प्रश्न नव्हता. १९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी आउटबोर्ड विकावयास काढले, आणि पुढे कित्येक दशके ठिणगी बहुधा फ्लायव्हीलच्याच विजेवर पडत असे. बॅटरी नसली तरी चाले. पुढच्या टू-स्ट्रोक इंजिनांतल्या सीडीआय डबीलाही बहुधा स्वतःचे वेगळे वेटोळे असते. तेव्हा असे इंजिन बॅटरीविना दोरीने सुरू झाले, तर ठिणगीची सारी यंत्रणा शाबूत आहे हे सिद्ध झाले. परंतु आजच्या मोठ्या फोर-स्ट्रोक इंजिनांत इंधन किती आणि कधी सोडायचे हे ठरवणारी संगणक-डबी असते, तिला ईसीयू म्हणतात, आणि ती बॅटरीवर जगते. तिची किंमत रेक्टिफायरच्या कित्येक पट. म्हणूनच की काय, मिस्त्रीचे बोट प्रथम तिच्याकडे वळते.

ईसीयूला दोषी ठरवण्यापूर्वी तिला अन्न पोहोचते का ते पाहावे. रेक्टिफायर काढून ठेवून, बॅटरी सुलटी जोडून, चावी चालू करावी. इंधनपंप दोन-तीन सेकंद गुणगुणला तर डबीत जीव आहे. गप्प राहिला तर तिच्या पुरवठ्याच्या तारेवर १२ व्होल्ट येतात का, तिची ऋण तार अंगाशी घट्ट आहे का, मुख्य रिले ओढतो का, हे पाहावे. यांतले एकही नसेल तर डबी मेली असे म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही. अन्न पोहोचत असेल, तर पुढची खूण म्हणजे डबी आपल्या संवेदकांना जो ५ व्होल्टांचा दाब पुरवते तो. तो नसेल तर संवेदक एकेक सोडवून पाहावे, कारण एखादा जळका संवेदकही तो दाब खाली ओढतो. सर्व सोडवूनही ५ व्होल्ट येत नसतील, तर मग दुःखाने मान्य करावे.

खाऱ्या पाण्यात आणखी एक घोटाळा असतो. जोडणी उघडली की तांब्यावर हिरवट गंज दिसतो. तो वर्षादोन वर्षांचा. उलट्या बॅटरीने हिरवे काही होत नाही. तिने होते ते काळे, वितळलेले, करपलेल्या वासाचे. पाण्याने खाल्लेली तार आणि विजेने जाळलेली तार यांतला फरक मिस्त्रीला कळतो, पण बिलात दोन्ही एकाच ओळीत येतात. ती ओळ फोडून मागावी.

दुरुस्तीनंतर इंजिन सुरू करून मध्यम वेगावर बॅटरीची टोके मोजावीत. १३.५ ते १४.५ व्होल्ट आले तर भरणी चालू आहे. १२.६ वरच अडकले तर भरणी नाही. वेग वाढवल्यावर १५ च्या वर चढत गेले तर रेग्युलेटर आवरत नाही, आणि बॅटरी उकळेल. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून "बघा, चालते" असे दाखवण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी. डायनॅमोच्या काळात ती खपून जात असे, आज तिने निरोगी रेग्युलेटरही जातो. होडीतले बाकीचे सामान, म्हणजे वायरलेस, मासे दाखवणारे यंत्र, पाणी उपसणारा पंप, यांचे फ्यूज निरनिराळे पाहावे. पंप उलट जोडला गेला तरी फिरतो, पण पाणी धडपणे फेकत नाही. तो फिरल्याचा आवाज ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये. भर समुद्रात ते महाग पडेल.

राहिली पगाराची गोष्ट. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात आणि पुढे २०१९ च्या वेतन संहितेतही तत्त्व एकच आहे: नुकसान त्या कामगाराच्या हयगयीमुळे थेट झालेले असले पाहिजे, कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये, आणि कपातीआधी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. प्रत्यक्ष नुकसान किती, हे वर सांगितलेल्या तपासणीवाचून ठरणार कसे? म्हणून आम्ही खलाशांना सांगतो, की कागदावर प्रत्येक भागाचे नाव, बदलण्यापूर्वीचे मीटरचे वाचन आणि बदलल्यानंतरचे वाचन मिस्त्रीकडून लिहून घ्या, त्यावर तारीख आणि सही घ्या, आणि काढलेला जुना भाग मागून घेऊन तारेने बांधून जपून ठेवा. मेलेला डायोड सहा महिन्यांनीही मीटरवर तेच वाचन देतो.